सायकल संघांच्या खर्चाला मर्यादा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पुरवणीतला सायकल शर्यतींवरचा लेख वाचला. स्लोव्हेनियाचा सायकलपटू पोगाचारच जिंकत राहतो म्हणून प्रेक्षक कंटाळले, फॉर्म्युला वन आणि आयपीएलकडून काही शिका, टूर द फ्रान्स तीन आठवड्यांवरून दहा दिवसांवर आणा, असा त्याचा एकूण सूर. प्रेक्षक कंटाळलेत हे मान्य. पण निदान साफ चुकले आहे, आणि औषध तर रोगापेक्षा वाईट आहे.

एकच माणूस जिंकतो म्हणून लोक पाठ फिरवतात, हे कुठल्या खेळात दिसले? नदालने फ्रेंच ओपन १४ वेळा जिंकली, तरी लोक बघतच राहिले. एडी मर्क्सने १९६९ ची टूर १७ मिनिटे ५४ सेकंदांनी जिंकली. त्या माणसाबद्दल बेल्जियममध्ये आजही आदराने बोलतात. कंटाळा येतो तो समोरच्याला डाव टाकायला जागाच उरत नाही तेव्हा. ही जागा कशी असते आणि कशी जाते, हे एकाच डोंगरावर, आल्प्समधल्या गालिब्येवर, दोन वर्षांच्या अंतराने दिसले. लेखात त्याचा उल्लेखही नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१३ जुलै २०२२, टूरचा अकरावा टप्पा. आल्बेरव्हिलहून निघून तेलेग्राफ, गालिब्ये आणि शेवटी कोल द्यू ग्रानॉन हे घाट. पिवळी जर्सी, म्हणजे सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याची, पोगाचारकडे; प्रतिस्पर्धी विंगेगोर ३९ सेकंद मागे. पोगाचारचे दोन मदतनीस कोविडमुळे आधीच घरी गेलेले. विंगेगोरच्या युम्बो-व्हिस्मा संघाकडे मात्र रोग्लिच आणि विंगेगोर असे दोन हुकमी घाटवीर. सपाटीवर ताशी ४० किमीच्या वेगाला दुसऱ्याच्या चाकामागे राहिले की साधारण एक तृतीयांश ताकद वाचते. चढावर हा फायदा कमी होतो, पण सात टक्क्यांच्या गालिब्येवर तो पुरता जात नाही. युम्बोने केले ते असे: रोग्लिच निघाला की पोगाचारने स्वतः पाठलाग करायचा, तेवढा वेळ विंगेगोर त्याच्या चाकामागे दम खाणार, रोग्लिच हाती लागला की लगेच विंगेगोर निघणार. पुन्हा पाठलाग. पुन्हा रोग्लिच.

यात पाय दुखतात एवढेच होत नाही. असा प्रत्येक झटका स्नायूंतली साखर भराभर जाळतो. आजचे व्यावसायिक खेळाडू तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदके पोटात घालतात, पण झटक्यांना उत्तर देताना श्वास इतका फुललेला असतो की साखरेच्या जेलचे पाकीट फोडून गिळायलाही फुरसत मिळत नाही. न खाल्लेल्याचा हिशेब तासाभराने, पुढच्या घाटात चुकता करावा लागतो. ग्रानॉनचा चढ ११.३ किमीचा, सरासरी ९.२ टक्के. शेवटचे जेमतेम पाच किमी उरले असताना विंगेगोर सुटला आणि पोगाचार जागचा उठलाच नाही. जर्सीची चेन पूर्ण उघडी, दोन्ही पदर वाऱ्यावर फडफडताहेत, नजर हँडलवर. माथ्यावर पोचेपर्यंत २ मिनिटे ५१ सेकंद गेली आणि पिवळी जर्सीही गेली. रोग्लिच त्या दिवशी ११ मिनिटांहून अधिक मागे पडला. तक्त्यात त्याचे नाव पार खाली सापडते, पण निम्मे काम त्याने केले होते.

आता २ जुलै २०२४, चौथा टप्पा, तोच गालिब्ये, दुसऱ्या बाजूने. ही बाजू सुमारे २३ किमी लांब आणि सरासरी पाच टक्क्यांचीच, म्हणजे चाकामागे बसणाऱ्याला चांगला आडोसा मिळतो. पोगाचारच्या पुढे त्याच्याच संघाची माणसे ओळीने: सिवाकोव्ह, अॅडम येट्स, आयुसो, अल्मेइडा. एक थकून बाजूला झाला की दुसरा वेग लावायला हजर. आयुसो मागे रेंगाळतोय असे वाटून अल्मेइडाने हात हलवून त्याला पुढे बोलावले, ते दृश्य सगळ्यांनी पाहिले. या वेगात इतर कोणाला पळून जाणे शक्यच नव्हते. माथा एक किमीच्या आत आल्यावर पोगाचार निघाला, उतारावर अंतर वाढवले आणि शेवटाला, व्हालोआर गावात, विंगेगोरवर ३७ सेकंद मिळवली. तीन आठवड्यांनंतरच्या अंतिम निकालात अल्मेइडा चौथा आणि येट्स सहावा. म्हणजे ज्यांच्यावर दुसऱ्या कोणत्याही संघाने टूर लढवली असती, ते इथे पाण्याच्या बाटल्या आणून देत होते.

पोगाचार आज सर्वांत ताकदवान आहे यात वाद नाही. २०२५ मध्ये अल्मेइडा पडून जखमी झाला आणि शर्यतीबाहेर गेला, तरी पोगाचार ४ मिनिटे २४ सेकंदांनी जिंकला. पण ताकदवान माणसाला एकटे पाडता येते, हे २०२२ ने दाखवले. त्यासाठी चांगली माणसे पाच-सहा संघांत विभागलेली हवीत.

आणि इथेच फॉर्म्युला वन व आयपीएलचे दाखले लेखकावरच उलटतात. फॉर्म्युला वनमध्ये २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आहे, शिवाय क्रमवारीत खाली असलेल्या संघाला विंड टनेलमध्ये (वाऱ्याच्या झोतात गाडीची चाचणी घेण्याच्या बोगद्यात) जास्त वेळ मिळतो. २०२३ मध्ये २२ पैकी २१ शर्यती रेड बुलने नेल्या; २०२४ मध्ये चार वेगवेगळे संघ शर्यती जिंकले आणि संघांचे विजेतेपद मॅक्लारेनला गेले. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात प्रत्येक संघाला खेळाडूंसाठी १२० कोटींचीच थैली होती, आणि प्रसारण हक्कांच्या पैशांत सर्वांना वाटा मिळतो. सायकलिंगमध्ये यातले काहीच नाही. रस्त्यावर तिकीट लागत नाही, टूरच्या प्रसारणाचा पैसा आयोजकांकडे राहतो, संघ जगतो तो निव्वळ प्रायोजकावर. ज्याचा प्रायोजक गब्बर, त्याने सहा कर्णधार ठेवावेत, बाकीच्यांनी गुंडाळावे. २०२५ च्या अखेरीस आर्केआ-बी अँड बी हॉटेल्स संघ बंद झाला, इंटरमार्शे-वांटीला लोट्टोत विलीन व्हावे लागले. प्रेक्षक का कमी झाले याची चर्चा करणाऱ्या लेखात यावर एक ओळ नसावी?

दहा दिवसांच्या टूरविषयी. २०२० मध्ये नवव्या टप्प्याला पिवळी जर्सी रोग्लिचकडे आली आणि विसाव्या टप्प्याच्या सकाळपर्यंत ५७ सेकंदांची आघाडी होती. त्या दिवशी ला प्लांश दे बेल फीयच्या ३६.२ किमीच्या टाइम ट्रायलमध्ये (प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी शर्यत) २१ वर्षांच्या पोगाचारने त्याला १ मिनिट ५६ सेकंद मागे टाकले आणि टूर ५९ सेकंदांनी जिंकली. दहाव्या दिवशी गाशा गुंडाळला असता तर हा दिवस उजाडलाच नसता. तिसऱ्या आठवड्याचा थकवा हाच या शर्यतीचा कस आहे. कमी करायचेच असेल तर प्रक्षेपण कमी करा. २०१७ पासून प्रत्येक टप्पा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवतात. सपाट टप्प्यात चार-पाच जण पुढे निघतात, घोळका त्यांना तीन-चार मिनिटांची मोकळीक देतो आणि शेवटी दर दहा किमीला साधारण एक मिनिट या हिशेबाने ओढून आणतो. असे दिवस शेवटच्या ६० किमीपासून पाहिले तरी पुरते. घाटाच्या दिवशी शेवटून दुसऱ्या चढाच्या पायथ्याला टीव्ही लावा आणि पुढच्या गटात प्रत्येक संघाच्या जर्सी मोजा. कोणाकडे किती माणसे उरलीत यावरून पुढच्या तासात काय घडू शकते ते बरेचसे कळते.

आपल्याकडच्या वाचकाला हे जड जाईल असे कोणी समजू नये. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात ‘घाटाचा राजा’ कोण, यावर इथे पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली आहे. जानेवारी २०२६ च्या पुणे ग्रँड टूरमुळे ४३७ किमीची आंतरराष्ट्रीय दर्जाची शर्यत जिल्ह्यातल्या रस्त्यांवर धावली. अशा वाचकांपुढे अर्धवट माहितीचा लेख ठेवू नये.

आणखी एक. तुमच्या लेखात तीनदा ‘पोगाकर’ छापले आहे. स्लोव्हेनियन लिपीतल्या ‘č’ या अक्षराचा उच्चार ‘च’ आहे: तादेय पोगाचार. रोग्लिचचे ‘रोगलिक’ही त्याच कारणाने चुकले आहे. शिवाय छायाचित्राखाली ‘पिवळ्या जर्सीतील विजेता’ असे लिहिले आहे, आणि चित्रातल्या खेळाडूच्या अंगावर लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी आहे. ती घाटांच्या गुणांत आघाडीवर असणाऱ्याची. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, चिंचवड