हंगामी वनमजुरांचीही दखल घ्यावी

महोदय,

चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि २०१२ मध्ये त्याचा समावेश पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत झाला. येथील वाघाची बातमी कोल्हापुरात आवर्जून वाचली जाते. मात्र हे जंगल उन्हाळ्यात राखणारा हंगामी वनमजूर कोणाच्या खिजगणतीतही नसतो. आमच्या शाहूवाडी भागातील माझे काही नातलग हे काम करतात.

थंडीत गवत वाळू लागले की ते कापून व नियंत्रितपणे जाळून जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) काढायची, नंतर पाणवठ्यांतील गाळ उपसायचा आणि पावसाळा सुरू होईपर्यंत वणव्यावर रात्रंदिवस नजर ठेवायची, असा त्यांचा हंगामभराचा क्रम असतो. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरील खडकाळ पठारावर, वारा सुटला की आग क्षणात दिशा बदलते. तेव्हा हाती बहुधा हिरव्या डहाळ्याच असतात. त्या डहाळ्यांनी ज्वाळा झोडपताना हातावरचे केस होरपळतात आणि साध्या चपलेचा तळ निखाऱ्यांवर वितळतो. जंगलाच्या आतील भागात मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे सर्पदंश झाल्यास किंवा गव्याने धडक दिल्यास मदत मिळण्यास फार उशीर होतो.

एवढे करूनही मजुरी वेळेवर हाती पडत नाही आणि पाऊस सुरू होताच काम थांबते. या मजुरांना हंगामापूर्वीच मजबूत बूट, विजेरी, वायरलेस संच व अपघात विमा द्यावा, मजुरी दर आठवड्याला बँकेत जमा करावी आणि पुढील हंगामात अनुभवींना प्राधान्य द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, शाहूवाडी, जि. कोल्हापूर