मंडळीच्या जमिनीचा हिशेब मंडळीसमोर वाचा

संपादक महाशय,

देवस्थानांच्या जमिनींवर वर्तमानपत्रांत अधूनमधून लिहून येते. ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या सभासद-समुदायांच्या, मालमत्तेचाही प्रश्न तितकाच गंभीर आहे, म्हणून हे पत्र.

मी आमच्या खेड्यातल्या मंडळीचा खजिनदार आहे. पाळकसाहेबांचा, म्हणजे उपासना चालवणाऱ्या धर्मगुरूंचा, पगार आम्ही त्यांच्या हातात देत नाही. ठरलेला वाटा मुख्य कार्यालयात भरायचा आणि तिथून सगळ्या पाळकांचे पगार व्हायचे, अशी पद्धत. तो वाटा उभा राहतो रविवारच्या दानार्पणातून, दशांशातून (कमाईचा दहावा भाग देतात त्यातून) आणि कापणीच्या सणाच्या लिलावातून. त्या दिवशी कुणी कोंबडी आणते, कुणी पायलीभर बाजरी. ऊसतोडीला जाणारी एक मावशी दरसाल अंडी आणून ठेवते. पुण्यात नोकरीला असलेला कुणी मुलगा ती पाचशेला घेतो आणि पुन्हा तिच्याच ओटीत घालतो. पाऊस नाही झाला की वाटा थकतो, मग पगार लांबतो आणि पाळकसाहेबांना मुलांची फी उसनवारीने भरावी लागते. हे बघवत नाही.

अमेरिकन मराठी मिशन या परदेशी ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने १८३१ साली नगरला काम सुरू केले. पुढे अशा मिशनांनी जिल्ह्याजिल्ह्यांत बंगले, शाळा, वसतिगृहे उभारली. परदेशी पैसा आटला, जागा ट्रस्टांकडे राहिल्या. आमच्या ट्रस्टच्या गाळ्यांचे भाडे किती, कोणाकडून, किती वर्षांच्या कराराने येते, हे खजिनदार असून मला कळत नाही. वार्षिक सभेत 'भाडे उत्पन्न' एवढी एकच ओळ वाचतात.

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा आहे. त्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही. तशा परवानगीशिवाय शेतजमीन १० वर्षांहून आणि इमारत ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. पण परवानगीचा अर्ज गेल्याचे मंडळीला कळते ते व्यवहार उरकल्यावर.

उपासनेत लग्नाची सूचना तीन रविवार वाचतात, हरकत असेल त्याने बोलावे म्हणून. जमीन विकायची असेल तर तीही तशीच वाचावी. विक्रीची रक्कम वेगळ्या ठेवीत ठेवून तिचे व्याज आधी पाळकांच्या पगाराला लावावे. धर्मादाय कार्यालयानेही असा अर्ज आल्यावर त्याची मराठीतली नोटीस त्या मंडळीच्या चर्चच्या दारावर लावण्याचा आदेश द्यावा, ही विनंती.

– एक खजिनदार, जि. अहिल्यानगर