रायफलीची पारख कागदावर व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून नेमबाजी) प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून आपल्या सोलापूर जिल्ह्यातही रायफल नेमबाजीची चौकशी करणारे पालक वाढले आहेत. मी लष्करात आर्मरर म्हणून शस्त्रदुरुस्तीचे काम केले असून निवृत्तीनंतर येथील काही होतकरू मुलामुलींना रायफलीची निगा आणि चाचणी यांबाबत मदत करतो. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पालकाचा पहिला प्रश्न 'कितीची रायफल घ्यावी लागेल?' हाच असतो, आणि त्या प्रश्नाचे त्यांना आधीच मिळालेले उत्तर ऐकून मला वाईट वाटते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात नान्नजकडील एक द्राक्षबागायतदार मुलीला घेऊन आले होते. स्पर्धेची परदेशी रायफल घेतल्याशिवाय मुलगी पुढे जाणारच नाही, असे एका विक्रेत्याने त्यांना सांगितले होते आणि त्यासाठी बागेवर कर्ज काढण्याची त्यांची तयारी झाली होती. मुलगी तोवर क्लबच्या जुन्या, साध्या पॉइंट २२ (०.२२ इंची गोळीच्या) बोल्ट-ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीमागे हाताने खटका ओढून भरायच्या, रायफलीवर सराव करीत होती. मी त्यांना एवढेच म्हणालो, "कर्जाचे नंतर पाहू, आधी आहे ती रायफल लक्ष्याच्या कागदावर काय दाखवते ते बघू."

दुसऱ्या रविवारी सकाळी साडेसहाला, वारा उठण्यापूर्वी, प्रशिक्षकांच्या उपस्थितीत आम्ही ती रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून ५० मीटरवर चाचणी घेतली. पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप (ग्रुप म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका) एका प्रकारच्या काडतुसाचे आणि पाच ग्रुप दुसऱ्या प्रकारच्या काडतुसाचे, असे पन्नास फैर झाडून प्रत्येक ग्रुपमधील सर्वांत लांबच्या दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधले अंतर मोजले. पहिल्या काडतुसांची सरासरी ३४ मिलिमीटर आली आणि दुसऱ्यांची १९. रायफल तीच, दस्ता (नळी ज्यात बसते तो खांद्यापर्यंतचा भाग) तोच, नेम धरणाराही तोच होता. बदलले होते फक्त काडतूस. त्यानंतर मुलीने स्वतः झोपून, म्हणजे प्रोन स्थितीत, चांगल्या काडतुसांचे पाच ग्रुप मारले. तिची सरासरी ५० मिलिमीटरच्या पुढे गेली.

या आकड्यांचा गुणांशी संबंध कसा लागतो, तेही सांगितले पाहिजे. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ १६ मिलिमीटरने मोठे होत जाते. पॉइंट २२ च्या गोळीचा व्यास साधारण ५.६ मिलिमीटर आहे आणि छिद्राची कड वर्तुळाच्या रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. त्यामुळे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ, असा सरळ हिशेब बसतो. साइट, म्हणजे नेम धरण्याची खूण, नीट जुळविलेली असेल तर १९ मिलिमीटरचा ग्रुप देणारी रायफल बहुतांश दहा आणि क्वचित एखादा नऊ देईल. मुलीचे जे गुण जात होते ते तिच्या श्वासात, कोपराच्या ठेवणीत आणि चाप ओढण्यात जात होते. तिथे कित्येक लाखांची रायफल आणली असती तरी त्या वर्षी तिच्या गुणपत्रिकेत फारसा फरक पडला नसता. ही गोष्ट त्या बागायतदारांना आकड्यांवरून पटली, माझ्या शब्दावरून नव्हे, आणि पटण्याची हीच रीत मला योग्य वाटते.

बोल्ट-ॲक्शन रायफल मुळातच कमी खर्चात नेमकी बनू शकते, यामागे तिची रचना आहे. हाताने बोल्ट मागे घ्यायचा, काडतूस कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, सरकवायचे आणि बोल्टची मूठ खाली दाबून कुलूप लावायचे. गोळी सुटेपर्यंत तिच्यात फारसे काही हलत नाही आणि प्रत्येक काडतूस त्याच जागी, तसेच बसते. अमेरिकेत १९५८ साली सॅव्हेज ११० ही रायफल आली, तिच्यात नळी एका मोठ्या नटाने आवळून बसविण्याची सोय केली होती. काडतुसाच्या बुडामागे किती जागा राहावी, हे माप पूर्वी कसबी कारागिराला घासून-घासून जुळवावे लागे. ते या नटामुळे नळी फिरवून झटपट जुळू लागले. वेळ वाचला, किंमत उतरली आणि नेमकेपणा मात्र उणावला नाही. २०१० च्या सुमारास व नंतर तिकडे आलेल्या सॅव्हेज ॲक्सिस, रुगर अमेरिकन यांसारख्या स्वस्त रायफलींचे बळही याच विचारात आहे. या रायफली चांगल्या काडतुसांवर १०० मीटरला तीन सेंटिमीटरच्या आसपास ग्रुप देऊ शकतात. त्या शिकारीच्या रायफली आहेत आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा त्या येथे आणाव्यात असे माझे म्हणणे मुळीच नाही. बोल्ट-ॲक्शन रायफलीत किंमत आणि नेमकेपणा हातात हात घालून चालतातच असे नाही, याचा तो दाखला आहे.

मग स्वस्त रायफलीत कमी काय असते? नळी सहसा बरी असते. काटकसर केली जाते ती दस्त्यात आणि चापात. साच्यातून काढलेला प्लास्टिकचा दस्ता पुढच्या बाजूला लवतो आणि नळीला टेकतो, मग नळी तापली किंवा दोरीपट्टा (रायफल हाताला आवळून धरण्याचा पट्टा) ताणला की गोळी एका बाजूला सरकते. हे तपासायला कोणतेही यंत्र लागत नाही. रायफल रिकामी आहे याची खात्री करून शंभराची नोट नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालावी आणि मागे कोठीपर्यंत सरकवत न्यावी. जिथे नोट अडेल तिथे दस्ता टेकत आहे. चापाचेही तसेच. स्पर्धेच्या रायफलीचा चाप शंभर-दीडशे ग्रॅमच्या ओढीवर सुटतो, साध्या रायफलीचा दोन-अडीच किलोवर. आणि एवढ्या ओढीने कोवळ्या मुलाच्या हाताखाली सगळी रायफल हलते. शिवाय गाल टेकण्याची पट्टी आणि मागची खांद्याची पट्टी मुलाच्या अंगाप्रमाणे सरकविता येत नाही. ही उणीव खरी आहे आणि मुलगा वा मुलगी राज्य पातळीच्या पुढे गेली की ती नक्की भोवते. कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये सुवर्णपदक जिंकले. त्या पातळीला साधी रायफल पुरत नाही, हे मीही मानतो. पण त्या पातळीवर पोचण्याआधी हजारो गोळ्या झाडाव्या लागतात आणि माझे म्हणणे त्या हजारो गोळ्यांविषयी आहे.

कारण पैशाची खरी गरज काडतुसांना आहे. पॉइंट २२ चे काडतूस रिमफायर असते, म्हणजे त्याचा ठिणगी देणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. तो सगळीकडे सारखा पसरला नाही तर प्रत्येक गोळीचा वेग थोडा-थोडा बदलतो. म्हणून एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही (लॉट म्हणजे एका वेळी बनविलेला साठा) फरक पडतो आणि एका रायफलीला मानवलेला लॉट शेजारच्या रायफलीला मानवेलच असे नाही. वेगवान काडतूस म्हणजे चांगले काडतूस, हा समजही काढून टाकला पाहिजे. लक्ष्यनेमबाजीचे काडतूस सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगाने, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून थोडे कमी, जाते. त्याहून वेगवान गोळी वाटेत ध्वनीचा वेग ओलांडून खाली येते, तेव्हा ती डळमळू शकते आणि आडव्या वाऱ्यात ती उलट जास्तच सरकते. आपल्याकडे फेब्रुवारीपासून माळावर सकाळी आठनंतर वारा सुटतो. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा ५० मीटरवर गोळीला दीड-दोन सेंटिमीटर बाजूला नेतो. वरच्या हिशेबाने हे एक-दोन गुण झाले. तो वारा ओळखायला शिकविणारी कोणतीही रायफल बाजारात मिळत नाही. ते सरावाच्या गोळ्यांनीच जमते.

जुन्या रायफली मोडीत काढण्याच्या घाईविषयीही लिहिणे आवश्यक आहे. एका संस्थेची पॉइंट २२ रायफल 'नळी झिजली' म्हणून बाजूला काढली होती. तिचे ग्रुप सत्तर मिलिमीटरच्या पुढे जात होते. मी बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहिले तर आटे, म्हणजे नळीतील पीळदार खाचा, स्वच्छ दिसत होते. मग भिंगाखाली नळीचे तोंड पाहिले, तर खालच्या बाजूला, घड्याळाच्या पाचच्या जागी, कडेला बारीक चकाकती खाच पडलेली होती. वर्षानुवर्षे लोखंडी सळई पुढून घालून सफाई केल्याचा तो परिणाम होता. गोळी बाहेर पडताना मागचा वायू त्या खाचेतून एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. परवानाधारक दुरुस्तीकाराकडून नळीचे तोंड नव्याने कापून घेतल्यावर त्याच रायफलीने २२ मिलिमीटरचा ग्रुप दिला. त्या कामाला जो खर्च आला तो काडतुसांच्या काही पेट्यांहून अधिक नव्हता. सफाई नेहमी मागून, बोल्ट काढून आणि मऊ वेष्टणाच्या सळईनेच करावी, ही सूचना प्रत्येक शस्त्रागाराच्या दारावर लावण्यासारखी आहे.

आपल्या दैनिकामार्फत माझी जिल्ह्यातील महाविद्यालये, क्लब आणि क्रीडा खात्याला विनंती आहे की, एकच महागडी रायफल घेऊन ती कुलपात ठेवण्याऐवजी त्याच रकमेत तीन-चार साध्या, चांगल्या नळीच्या पॉइंट २२ बोल्ट-ॲक्शन रायफली घ्याव्यात आणि उरलेल्या पैशातून एकाच लॉटची काडतुसे वर्षभर पुरतील एवढी, परवान्याच्या मर्यादेत, घेऊन ठेवावीत. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे पाच-पाच गोळ्यांच्या पाच ग्रुपची मागणी करावी. तीन गोळ्यांचा एकच सुंदर ग्रुप दाखवून रायफल विकणे सोपे असते. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात आणि दूर गेलेली चौथी 'हात हलला' म्हणून सोडून देता येते. प्रत्येक रायफलीची एक वही असावी, तिच्यात तारीख, काडतुसाचा लॉट, वारा आणि ग्रुपचे माप लिहून मूळ कागद चिकटवावा. पालकांनीही वैयक्तिक परवान्याची घाई करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यासाठी साधारणतः एकवीस वर्षे वयाची अट आहे आणि त्याआधी मुलांचा सराव क्लबमध्ये, देखरेखीखालीच होणे योग्य आहे. अगदी नवशिक्यांनी दहा मीटरच्या एअर रायफलीपासून सुरुवात केली तरी उत्तम.

नान्नजच्या त्या मुलीने या उन्हाळ्यात त्याच जुन्या रायफलीवर सराव चालू ठेवला. वडिलांनी कर्ज काढले नाही. एका लॉटची काडतुसे मात्र क्लबमार्फत घेऊन दिली. मे महिन्यातील तिच्या शेवटच्या पाच ग्रुपची सरासरी ३१ मिलिमीटर आहे आणि ते कागद वहीत लावलेले आहेत. ज्या संस्थांना आपल्या रायफलींची अशी चाचणी करून घ्यायची असेल, त्यांच्यासाठी कोणत्याही रविवारी सकाळी मी विनामूल्य येण्यास तयार आहे. वाळूच्या पिशव्या आणि मोजपट्टी माझ्याकडे आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त आर्मरर
जुळे सोलापूर, सोलापूर