रविवारी मी साडेबाराला येईन

मडगाव, गुरुवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

ही गोष्ट फोनवर सांगायला घेतली असती तर आईने मध्येच 'जेवलास का?' विचारले असते आणि बाबांनी नेहमीप्रमाणे फोन तिच्याच हाती ठेवला असता, म्हणून लिहितो आहे. गेले चार महिने मी व्हायोलिन शिकतो आहे. दर बुधवारी संध्याकाळी ऑफिसात मीटिंग असते असे जे सांगत होतो, ते खरे नव्हते. मी लोटलीला सरांकडे असायचो. आता त्यांनी माझी वेळ बदलून रविवारी दहाची केली आहे, कारण सकाळी ते इगर्जेत, चर्चमधल्या मिसेच्या प्रार्थनेला वाजवतात आणि त्यानंतरच मोकळे होतात. मी त्यांना होकार देऊन टाकला आहे. त्यामुळे रविवारी आठला येणारा मी यापुढे साडेबाराला येईन. लोटलीहून बोरीचा पूल ओलांडला की आपले घर फार दूर नाही, त्यामुळे याहून उशीर होणार नाही.

वाद्य साडेआठ हजारांचे आहे आणि ते बोनसमधून घेतले, घराच्या हप्त्याला धक्का लावलेला नाही. मी पत्ते खेळत नाही, कुठे बसत-उठत नाही, आठवड्यातला एक तास स्वतःसाठी घेतला तर ते वावगे नाही, असे मी मनाशी इतक्या वेळा म्हटले आहे की आता मलाच त्याचा संशय येऊ लागला आहे.

बाबा, 'पेटी घरात असताना हे कशाला?' असे तुम्ही विचाराल. पेटीवर स्वर तयार असतो, पट्टी दाबली की तो मिळतो. इथे पट्ट्या नाहीत, पडदे नाहीत, बोट केसभर सरकले की स्वर गेला. सरांनी पहिला महिनाभर बोट टेकवूच दिले नाही, नुसत्या मोकळ्या तारांवर गज ओढायला लावला. गज तारा पेलणाऱ्या घोडीला समांतर राहिला पाहिजे, आणि माझा तर टोकाकडे जाताना हमखास वाकडा होतो. नव्या गजाला राळ घासायची असते हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे पहिल्या दिवशी आवाजच निघाला नाही आणि मी दुकानदाराला मनात नको ते बोललो. आता निघतो तो आवाज दार लोटलेल्या बिजागरीसारखा असतो. शेजाऱ्यांसाठी घोडीवर रबराची चिमटी लावून वाजवतो.

हे इगर्जेतले वाद्य आहे असे कुणी वाड्यावर म्हटले तर त्यांना तुमच्याच आवडीची नावे सांगा. गजाननबुवा जोशी गायचे तसेच व्हायोलिनही वाजवायचे. जोग आणि दातार यांना ऐकण्यासाठी तुम्ही मला रेडिओपाशी गप्प बसवलेले आहे. ते सगळे मांडी घालून, वाद्याचे डोके पायावर टेकवून वाजवत. माझी कंबर तेवढी बसू देत नाही, म्हणून मी उभ्याने, हनुवटीखाली धरून शिकतो आहे. सरांच्या पिढीला हे शिक्षण गावच्या इगर्जेच्या शाळेत मिळाले, नोटेशन वाचण्यासकट. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल शिकले, त्यांचे नाव सरांच्या तोंडी दर तासाला एकदा तरी येते.

मला आठवते, मी सहा-सात वर्षांचा असताना तुम्ही माझा हात तुमच्या हाताखाली धरून भाता मारायला शिकवला होता आणि मी तसाच तुमच्या मांडीवर झोपून गेलो होतो. पुढे दहाव्या वर्षी मी पेटीपासून का पळालो ते तुम्हाला ठाऊक आहे. सप्ताहातल्या त्या रात्रीविषयी माझ्या मनात काही उरलेले नाही, हे या निमित्ताने लिहून ठेवतो. बेसूर म्हणजे काय हे तेव्हा कळले नव्हते. आता रोज कळते.

आई, मासळीची काळजी करू नकोस. सहालाच बाजारातून घेऊन, साफ करवून, बर्फात ठेवून आणीन. आंबट-तिखाचे वाटण तेवढे तयार ठेव. मात्र माझ्यासाठी जेवायला थांबू नका. बाबांची साखरेची गोळी जेवणाआधीची आहे, आणि गोळी घेऊन माझी वाट बघत बसलात तर मी शिकवणी सोडीन, हे नीट लक्षात ठेवा. देवळात जाण्यासाठी रिक्षावाल्याला रविवारी साडेआठची वेळ सांगितली आहे, पैसेही दिले आहेत. बसने जायचे नाही. मागच्या पायऱ्यांवर शेवाळ धरले आहे, तिथे चुन्याची पावडर टाकल्याशिवाय कुणी उतरू नये.

पावसात व्हायोलिनच्या खुंट्या फुगून घट्ट बसतात. तू पेटीच्या डब्यात कापराच्या वड्या ठेवायचीस, तशा मी केसमध्ये ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतो.

बाबा, आता एक मागणे आहे. माझ्या डी तारेचा स्वर म्हणजे तुमची पांढरी दोन. तो षड्ज धरला की गांधार काळी तीनवर येतो, आणि तिथेच माझे बोट चुकते. सर म्हणतात, पेटीचा गांधार नैसर्गिक गांधाराहून किंचित चढाच असतो. ही पेटीची निंदा नव्हे. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर घातलेल्या बंदीचा तुमचा राग मी विसरलेलो नाही. षड्ज-पंचमाचा आधार मात्र मला तुमच्याकडूनच हवा आहे. मोबाइलवर तंबोरा मिळतो, पण तो चुकले की थांबत नाही. तुमची पेटी इतक्या वर्षांनी थोडी चढी-उतरी झाली असली तरी अडचण नाही, कारण पेटी व्हायोलिनप्रमाणे लावता येत नाही, व्हायोलिनच पेटीप्रमाणे लावून घ्यायचे असते.

दादा गेल्यापासून ती उघडलेली नाही, हे मला ठाऊक आहे. नको वाटले तर तसे सांगा, मी व्हायोलिन गाडीतच ठेवीन आणि आपण जेवून घेऊ. हवे असेल तर पेटी खाटेखालून तुम्ही ओढायची नाही. तुमच्या कमरेला ते झेपणार नाही. मी आल्यावर काढीन.

तुमचा,
बाबू