मुलीला कोणी विचारलं का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पुरवणीतला गर्भाशय प्रत्यारोपणावरचा लेख वाचला. खरं तर मी अंक उघडायच्या आधीच तो मला फोनवरून ऐकवण्यात आला. पहिला फोन नणंदेचा, सकाळी सव्वासातला. "वहिनी, आईचं चालतं म्हणे! तुमचं तरी आता काय कामाचं?"

या वाक्याचं निम्मं श्रेय तुमच्या 'आईची लेकीला अनोखी भेट' या मथळ्याला. भेट म्हणे! जणू कपाटातून काढलं, कागदात गुंडाळलं आणि दिलं.

माझी मुलगी जन्मतः गर्भाशयाविना आहे. साधारण साडेचार-पाच हजारांत एकीच्या बाबतीत असं असतं. सोळावं सरलं तरी पाळी आली नाही म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा डॉक्टर तिच्या पोटावर यंत्र फिरवत माझ्याकडे बघून म्हणाले, "गर्भाशय दिसत नाहीये." टेबलावर पडलेल्या पोरीशी कोणी एक शब्द बोललं नाही. पोटावरची जेल पुसायला कागदही तिनेच हात लांबवून ओढून घेतला.

मी या शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही. उलट तीन वर्षांपूर्वी मीच तिला घेऊन चौकशीला गेले होते, वहीच्या मागच्या पानावर प्रश्न लिहून. तिथे कळलं की स्वीडनमधल्या पहिल्या चाचणीत गर्भाशय देणाऱ्या बाईचं ऑपरेशन दहा ते तेरा तास चालायचं, घेणारीचं चार ते सहा. कारण नुसतं गर्भाशय काढून भागत नाही, मूत्रवाहिनीलगतच्या बारीक रक्तवाहिन्याही धक्का न लावता सोडवून घ्याव्या लागतात. बीजवाहिन्या जोडत नाहीत, म्हणून आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून आत सोडणं, आलंच. बाळंतपण सिझेरियननेच. तुमच्या लेखात २०१४ चं स्वीडनमधलं पहिलं बाळ आहे, पुण्यात २०१८ मध्ये जन्मलेली मुलगी आहे. मात्र स्वीडनच्या त्या चाचणीतल्या नऊ जणींपैकी दोघींना बसवलेलं गर्भाशय काही महिन्यांतच काढावं लागलं, त्या दोघी लेखात कुठेच नाहीत.

मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मूल झालं की ते परत काढणार ना?" हो, एक किंवा दोन मुलं झाली की काढतात, नाहीतर शरीराने ते नाकारू नये म्हणूनची औषधं जन्मभर घ्यावी लागतील. लिफ्टमध्ये ती म्हणाली, "आई, मला नको." आता कबूल करते, मी चार महिने तिच्याशी धड बोलले नाही. देणारी मी, मी तयार, आणि ही नको म्हणते! त्या चार महिन्यांत मी नणंदेपेक्षा वेगळी नव्हते.

म्हणून कालचे फोन जास्त झोंबले. दुपारपर्यंत सहा झाले. एकीनेही 'तिला हवंय का' असं विचारलं नाही. एका मावशींना मी सांगितलं की मृत स्त्रीचं गर्भाशयही चालतं, ब्राझीलमध्ये २०१७ च्या डिसेंबरात तसं बाळ जन्माला आलंय. त्यावर त्या म्हणाल्या, "छे गं, परक्याचं कशाला, तू आहेस की धडधाकट!" धडधाकट असणं हाही आता गुन्हाच झाला. ज्या आया नाही म्हणतील त्यांचं काय होत असेल, देव जाणे.

जाता जाता, छायाचित्राबद्दल. मातृत्वाचा विषय निघाला की तुमच्याकडे दरवेळी मान नसलेलं पोटच का छापतात? बायकांना चेहरे असतात.

आणि हो, लेखाचा शेवटचा परिच्छेद 'मात्र या औषधांमुळे रुग्णाला' इथे तुटलाय. खाली जाहिरात आहे. ते वाक्य शोधून पुढच्या अंकात पूर्ण छापावं, ही विनंती. मी ते कापून सहाही जणींना पाठवणार आहे.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये.)