कॅमेरा माझ्याच हातात राहू देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तुमच्यासमोर बसले होते तेव्हा आभाराचा शब्द नीट फुटला नाही. कंठ दाटून आला, पिशवी उचलली आणि जिना उतरले. म्हणून हे पत्र. ते उघड लिहितेय, कारण नव्याने कॅमेरा हाती घेणाऱ्यांना तुमच्यासारखी माणसं आहेत हे कळायला हवं. बोरा बाझारात तुमच्या टेबलावर रोज इतके कॅमेरे दुरुस्तीला येतात, मी लक्षात असेन असं नाही. निकॉन डी ३४००, तिच्यावर जुनी ५० एमएमची लेन्स, पडद्यावर लुकलुकणारी ‘एफ ई ई’ ही अक्षरं आणि काही केल्या न पडणारं शटर. ‘कॅमेरा गेला का हो?’ असं विचारत आलेली ती मी.

तुमच्यापर्यंत पोचायच्या आधी कुठे कुठे विचारलं तेही सांगते. लेन्स ज्या दुकानातून घेतली तिथे मी सगळं स्पष्ट सांगितलं होतं. आमच्या कुडाळकडच्या जत्रांमध्ये रात्रभर दशावतार चालतो, नटांच्या डोळ्यांवर फ्लॅश मारायचा नाही, आणि कॅमेऱ्याबरोबर आलेल्या किट लेन्सवर सगळं काळोखं किंवा हललेलं येतं. काउंटरवरच्या माणसाने ‘प्राइम घ्या, वन पॉइंट एट’ म्हणत झूम न होणारी ही वापरलेली लेन्स पुढ्यात ठेवली. बॉडी कोणती, एवढा एक प्रश्न त्याने विचारला नाही. ऑटोफोकस होत नाही म्हणून परत गेले तर ‘मॅडम, तुमचं सेटिंग चुकतंय’. पुन्हा गेले तर ‘बॉडी सर्व्हिसिंगला टाका’. ज्यांच्याबरोबर फोटो काढायला बाहेर पडत होते, त्या मंडळींतले एक जाणते माझ्या गळ्यातून कॅमेरा काढून घ्यायचे, दोन बटणं दाबायचे आणि ‘आता बघा’ म्हणून परत द्यायचे. काय केलंत असं विचारलं की क्रॉप फॅक्टर, बोके, टी-स्टॉप, एमटीएफ चार्ट. एवढे शब्द एका दमात, आणि वर ‘हळूहळू कळेल’. त्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणत नाही. ते मला कळावं अशी त्यांची इच्छाच नव्हती, आणि याचा राग मला अजून आहे.

तुमच्याकडेही सवयीने मी कॅमेरा पुढे केला. तुम्ही तो घेतला नाहीत. टेबलावरचे स्क्रू एका डबीत भरून जागा केलीत, पिवळं फडकं अंथरलंत, खिडकीकडचं स्टूल मला दिलंत आणि म्हणालात, ‘ताई, तुमच्याच हातात राहू दे. लेन्स तुम्हीच काढा.’

काका, मला सगळ्यात जास्त काय आठवतं म्हणाल तर हे. त्यानंतर तुम्ही जे शिकवलंत ते एखादे वेळी पुस्तकातूनही मिळालं असतं. पण शेवटपर्यंत तुमचा हात माझ्या कॅमेऱ्याला लागला नाही. माझा अंगठा चुकीच्या खाचेवर जात होता तेव्हाही तुम्ही नुसतं पेन्सिलीच्या टोकाने दाखवलंत आणि थांबलात. माझ्यामागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातल्या एकाने घड्याळ पाहिलं. तुम्ही त्याला ‘बसा, वेळ लागेल’ म्हणालात. माझ्यासाठी कुणी असं थांबलेलं मला आठवत नाही.

मग लेन्स खिडकीच्या उजेडाकडे धरायला लावलीत आणि तिच्यावरचं आकड्यांचं कडं फिरवायला सांगितलंत. १.८ वर काच पूर्ण उघडी. २.८, ४, ५.६ करत गेले तशी सात पाती आतून सरकत आली आणि भोक सातकोनी होऊन आवळत गेलं. २२ वर तर जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढं उरलं. ‘आता पट्टी लावा,’ म्हणालात. १.८ वर सुमारे २८ मिलिमीटर. ‘पन्नासला १.८ ने भागा.’ मोबाइलवर भागलं, २७.८ आलं. १६ वर भोक तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि पन्नासला सोळाने भागलं तरी तेच. आकडा लहान तर भोक मोठं का, हे कोडं मला इतके महिने छळत होतं. तो आकडा भोकाचं माप नाहीच, फोकल लेन्थला, म्हणजे लेन्सच्या त्या ५० एमएमला, कितीने भागायचं ते सांगणारा भाजक आहे, हे माझं मलाच दिसलं. लेन्सच्या तोंडाशी १:१.८ असं का लिहितात तेही तेव्हाच उमगलं. कडं २.८ वरून ४ वर, ४ वरून ५.६ वर नेलं की दर टप्प्याला उजेड निम्मा, हे तुम्ही सांगितलंत. आणि किट लेन्सवर ३.५-५.६ असे दोन आकडे का, हे मी तुम्हाला सांगितलं. १८ एमएमला ३.५, झूम ५५ पर्यंत नेला की फार तर ५.६. तुम्ही मान डोलावलीत. त्या मान डोलावण्याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. दशावताराचे माझे फोटो काळोखे का येत होते त्याचं उत्तर तिथेच होतं: मी नटाचा चेहरा जवळ घ्यायला झूम टोकाला नेत होते आणि लेन्स तिथे स्वतःच डोळे मिटत होती. ५.६ च्या तुलनेत १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो.

ऑटोफोकसचं उत्तरही तुम्ही तोंडाने दिलं नाहीत. लेन्स उलटी करायला लावलीत. मागच्या धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्यासारखी एक छोटी खाच. शेजारी दुरुस्तीला आलेली डी ७००० पडली होती. तिच्या माउंटमधून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यातून, पेचकसाचं एक बारीक टोक डोकावत होतं. ‘आता तुमच्या बॉडीत ते टोक शोधा.’ शोधलं. नव्हतं. या ‘डी’ लेन्सला स्वतःची मोटर नाही, बॉडीतली मोटर ते टोक फिरवून तिचा फोकस हलवते. आणि डी ३४०० च्या बॉडीत ती मोटरच नाही. सेटिंग चुकत नव्हतं, बॉडीही बिघडलेली नव्हती. ‘एफ ई ई’चं कारण तर त्याहून साधं निघालं: कडं २२ वर नेऊन खटका लावला की कॅमेरा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे त्या भोकाचा, ताबा घेतो, नाहीतर असाच अडून बसतो. खटका मीच लावला. शटर पडलं.

नावातली बाकीची अक्षरंही तशीच एकेक सुटली. एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर मोटर लेन्समध्येच. डीएक्स म्हणजे फोटो टिपणाऱ्या लहान सेन्सरसाठी बनवलेली. व्हीआर हाताची थरथर सावरतं, पण दशावतारात नाचणारा संकासुर काही त्याने थांबत नाही, त्याला शटरचाच वेग लागतो. वर्तुळावर तिरकी रेघ असलेल्या चिन्हापुढचा आकडा फिल्टरचा व्यास. माझ्या किट लेन्सचा फिल्टरही ५५ चा आणि झूमचं टोकही ५५, त्यामुळे मी दोन्ही एकच समजत होते. ०.४५ मीटरच्या आत काही आणलं की ५० च्या लेन्सचा फोकस लागणार नाही. आणि माझ्या सेन्सरवर ५० ची चौकट फुल फ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरवरच्या, ७५ एवढी आवळते, म्हणून देवळाच्या पडवीत मागे सरकायला जागा नसेल तर ३५ बरी. ‘एएफ-एस असलेली ३५, १.८ बघा, पण घाई करू नका, आधी हीच वापरा,’ म्हणालात. तुमच्या कपाटात विकायला लेन्स होत्या, मला दिसत होत्या. एकही काढून दाखवली नाहीत. निघताना पैसे विचारले तर ‘दुरुस्ती कुठे केली मी?’ म्हणालात.

बँकेत स्लिप भरून न देता कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते दाखवणारी बाई, नव्या मुलीला फोडणीचा वास ओळखायला लावणारी खानावळीतली मावशी, अशी माणसं मला आयुष्यात भेटली आहेत. त्यांची कुठे पाटी नसते, त्यांना कुणी सर म्हणत नाही. समोरच्याला कळू शकतं यावर त्यांचा विश्वास असतो आणि त्यासाठी स्वतःची पाच मिनिटं खर्च करायची तयारी असते. मुंबईसारख्या शहरात, धंद्याच्या वेळी, ओळखपाळख नसलेल्या बाईसाठी ती मिनिटं काढणं ही लहान गोष्ट नाही. माणसाचा चांगुलपणा मी यापुढे यावरून जोखणार.

त्यानंतर मी गावच्या जत्रेला जाऊन आले. खेळ सुरू व्हायच्या आधी नट आपापली रंगभूषा आपणच करतात, एका बल्बखाली, आरसा हातात धरून. स्त्रीपार्ट करणाऱ्या एकाने बसू दिलं. कडं २२ वर, खटका लावलेला, अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातून २.८. तुम्ही बजावलं होतंत की १.८ आहे म्हणून कायम १.८ नको, डोळा स्पष्ट येईल आणि नथ पुसट. फोकस हाताने. डोळ्याला लावायच्या व्ह्यूफाइंडरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका स्थिर झाला की शटर. काजळाची रेघ आणि नथ दोन्ही स्वच्छ आली आहेत, आणि मागच्या विजेच्या माळेतला एकेक दिवा सातकोनी उमटला आहे. ती सात पाती मी तुमच्या खिडकीत मोजली होती.

त्या नटांना त्यांचे फोटो देऊन झाले. एक प्रिंट, बारा बाय अठराची, तुमच्यासाठी काढून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात फोर्टला येतेय. पैसे नाकारलेत ते मी ऐकलं, प्रिंट मात्र घ्यावी लागेल. आणि ३५ ची एक वापरलेली लेन्स पाहून ठेवलीय; तिच्यावर काय काय लिहिलंय ते मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे.

तुमची,
डी ३४०० वाली ताई