समुपदेशक ताईंस अनावृत पत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत एकाएकी रोखली आणि आफ्रिकेत एचआयव्हीबाधित गरोदर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या अनेकांना घरी बसावे लागले. त्या बातम्या वाचल्यापासून आपली आठवण पाठ सोडत नाही.

२००६ साली, सातव्या महिन्यात, माझी तपासणी पॉझिटिव्ह आली. ज्या खासगी रुग्णालयात नाव नोंदवले होते त्यांनी बाळंतपण करण्यास नकार दिला. आगाऊ घेतलेले पैसे मात्र ठेवून घेतले. सरकारी रुग्णालयात कोणीतरी लाल शाईने माझा आजार केसपेपरवर ठळक लिहून तो खाटेलाच अडकवला, आणि भेटीची वेळ व्हायला आली होती. आपण काही न बोलता तो कागद काढलात, कोऱ्या केसपेपरवर माझे नाव, गाव, वय स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहिलेत आणि जुना कागद घडी घालून आपल्या पर्समध्ये ठेवलात. सासूबाई आल्या तेव्हा आपण त्यांना बसायला स्टूल देत होतात. गुप्तता राखण्याचा नियम तेव्हाही होताच. त्या वॉर्डात तो आपण एकट्याच पाळत होतात.

कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचा एक डोस, एवढ्याने संसर्गाचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे युगांडातील मातांच्या सहभागाने झालेल्या चाचणीत १९९९ मध्ये दिसून आले होते. त्या अनोळखी बायकांचीही मी ऋणी आहे. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याच्या आपल्या देशातील कार्यक्रमाला ग्लोबल फंडाची (एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय निधीची), म्हणजे पर्यायाने कुठल्या तरी फ्रेंच किंवा जपानी करदात्याची, मदत होती. परक्या पैशाच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांनी, माझ्याच गावातल्या डॉक्टरांनी तेव्हा दार लावून घेतले होते, हेही लक्षात घ्यावे. २०१४ पासून भारतात बाधित गरोदर स्त्रीला आयुष्यभराचे औषधोपचार मिळतात आणि ते नीट घेतले तर धोका पाच टक्क्यांच्याही खाली राहतो. पण घाबरलेल्या बाईला त्या औषधापर्यंत नेणारे माणूस निधी आटला की सर्वांत आधी कमी केले जाते, याचीच मला भीती वाटते.

मुलाची अठराव्या महिन्यातील तपासणी निगेटिव्ह आली. तो आता अभियांत्रिकीची पदविका करतो आणि त्याला सारे ठाऊक आहे. आपली बदली कोठे झाली हे रुग्णालयात कोणी सांगू शकले नाही, म्हणून हे जाहीर पत्र. वाचनात आले तर कृपया कळवावे; आम्हा दोघांना पेढे घेऊन यायचे आहे.

आपली नम्र,
एक आई